तिसरी प्लेट

प्रतिक्षा: नाही बाबा, आज तुमची कोणतीच गोष्ट चालणार नाही. बाराला गाडी येते. तुम्ही आणि आई माझ्यासोबत नागपूरला, माझ्या खोलीवर. झालं.

केशवराव: चवथ्या मजल्यावर! आन लिफ्ट बंद पडली त मले काय कबुतरं उचलून नेतीन?

प्रतिक्षा: लिफ्ट बंद पडत नाही. तिथं लाईन जात नाही. इथं जाते. काल गेली.

केशवराव: काल गेली, काल आली. लाईन होय ते. तुही माय होय का, रुसून माहेरी महिनाभर बसाले?

धुरपता: बोला. श्वास पुरत नाई, टोमना बरोबर पुरते.

प्रतिक्षा: काल शेजारचे इश्वरकाका धावत आले नसते तर?

केशवराव: इश्वरनं येऊन काय केलं? दुपट्ट्यानं वारा घातला. मानूस बिनहवेचा मरून राह्यला आन हा शेगडी फुलवल्यासारखा वारा घालते. मले वाटलं, आता माह्या छातीवर वांगे भाजते.

प्रतिक्षा: तुमचे ओठ निळे पडले होते, बाबा. काकांनी सांगितलं मला फोनवर. बोलताना रडत होते ते.

केशवराव: मंग निळा आपलाच रंग होय. जयंती जवळ आली.

धुरपता: पाह्य! पाह्य कसे करते. रातभर मी बाजेजवळ बसून काढली आन यायले जयंती सुचते.

प्रतिक्षा: आई, तू बस. बाबा, मी काय काम करते?

केशवराव: बापाले धमकावते.

प्रतिक्षा: मी लोकांच्या छतावर सोलर बसवते. दहा गावं फिरून बसवलं. आणि स्वतःच्या बापाच्या छतावर बसवलं तेव्हा काय म्हटलं होतं? खाणीतल्या धुळीनं तुमच्या छातीचं जे व्हायचं ते झालं, पण आता लाईन गेली तरी ही ऑक्सिजनची मशीन थांबणार नाही. उन्हाळ्यात लाईन तशीही मरतुकडी असते, तिच्यावर बॅटरी भरतच नाही. भरायची ती उन्हानं. आणि ऊन काल कसं होतं?

धुरपता: कातडं सोलनारं.

प्रतिक्षा: तरी दिवेलागणीच्या आधीच इन्व्हर्टर बसला. बॅटरी रिकामी. का रिकामी, ते मला समजत नाही. आणि जोवर समजत नाही, तोवर तुम्हाला या घरात ठेवायची माझी हिंमत नाही. एवढंच आहे.

केशवराव: ते मी सांगतो ना. तुहा इन्वटर सरकारी नोकरीवर लागला. सकाळी धा वाजेवर बरोबर काम करते. मंग सही ठोकते आन जे चहाले जाते, ते चार वाजता परत.

प्रतिक्षा: बाबा.

केशवराव: आता काय झालं?

प्रतिक्षा: मोबाईलवर अगदी हेच दिसतं आहे. हे पाहा. सकाळपासून रेघ चढत चढत जाते, दहाच्या सुमारास एकदम खाली बसते. चारपर्यंत खालीच. मग थोडी वर. आठ दिवसांपासून असंच, मधला एक दिवस सोडला तर. तुम्हाला कसं माहीत?

केशवराव: मले? मी ह्या छपरीत बाजेवर पडून दुसरं काय करतो? इन्वटर भिंतीवर, मी बाजेवर. त्याचा पंखा आयकत रायतो. काम करते तवा पंखा घुमते. कामचुकारी करते तवा गप.

धुरपता: चहा ठेवू का?

प्रतिक्षा: आत्ताच झाला आई.

धुरपता: मंग पानी आनतो.

प्रतिक्षा: तू बस ना. काय झालं तुला?

धुरपता: काई नाई. मशीनच खराब निंघाली असन, नाई का वो? तुह्या कंपनीले सांगून बदलून घे.

प्रतिक्षा: मशीन चांगली आहे. पण बरोबर दहा वाजता तिला काय होतं, हेच कळत नाही. ती हरवल्यासारखी करते.

केशवराव: भिंतीले ठोकलेली मशीन हरपते कशी? मले समजाव. गाडी यायले अजून टाईम आहे.

प्रतिक्षा: समजावते. आपली विहीर आठवा. तुम्ही बादली लय जोरात ओढली तर काय होतं?

केशवराव: काठाले आपटते. अर्धं पानी विहिरीतच.

प्रतिक्षा: आणि अगदी हळू ओढली तर?

धुरपता: त बादली भरलेली येते, पन दिवसभरात रांजन भरत नाई.

प्रतिक्षा: मधातली एक चाल असते. त्या चालीनं ओढलं की रांजण सगळ्यात लवकर भरतो. प्लेटांचंही तसंच आहे. इन्व्हर्टर त्यांच्यातून वीज ओढतो. जास्त ओढली तर प्लेटांचा जोर खचतो, कमी ओढली तर ऊन वाया जातं. आणि ती बरोबर चाल सकाळी वेगळी, दुपारी वेगळी, ढग आला की अजून वेगळी.

केशवराव: मंग त्याले कोन सांगते, आता कोनती चाल?

प्रतिक्षा: कोणी नाही. त्याला डोळे नाहीत. तो चाचपडतो. थोडं जास्त ओढून पाहतो. वीज वाढली? मग अजून थोडं. कमी झाली? मग मागं. दिवसभर, क्षणाक्षणाला तेच. पुढं, मागं, पुढं, मागं.

केशवराव: म्हनजे भाजीबाजारात तुही माय. चार आने खाली म्हन, दोन आने वर म्हन. शेवटी तो भाजीवाला रडते.

धुरपता: आता चार आने कुठं रायले.

प्रतिक्षा: आई, दहा वाजता छतावर कशाची सावली पडते का? आंब्याची फांदी वाढली का तिकडं?

धुरपता: आंबा त पल्याडच्या बाजूनं आहे.

प्रतिक्षा: कपडे वाळत घालतेस?

धुरपता: कपडे अंगनात, दोरीवर. तूच पाह्यली ना दोरी.

प्रतिक्षा: मी एकदा वर जाऊन येते.

केशवराव: शिडी मोडली.

धुरपता: कुठं मोडली? सकाळीच त मी…

प्रतिक्षा: सकाळीच काय?

केशवराव: सकाळीच तिनं पाह्यली, मोडाले आली म्हनून. प्रतिक्षा, इकडं ये. बस इथं, बाजेवर. बाराले त तू मले उचलून नेऊनच राहिली. कोन जाने परत ह्या छपरीत येतो का नाई. एक गोष्ट आयक. लहान आहे.

धुरपता: यांची लहान गोष्ट म्हनजे भाकर करून, खाऊन, भांडे घासून झाले तरी नाई सरत.

प्रतिक्षा: बाबा, बोलून धाप लागते तुम्हाला.

केशवराव: गोष्ट सांगतलं का नाई लागत. डाक्टरले इचार. मी खानीत लागाच्या आधीची गोष्ट होय. मी आन माहा दोस्त आनंदराव, दोघंही बिनलग्नाचे, म्हनून हुशार. पैज लागली. आंबागडच्या किल्ल्यावर कोन आधी पोचते. पुसाचा महिना. आन त्या दिवशी धुकं पडलं. असं पडलं, असं पडलं, का आनंदरावनं इळ्यानं धुक्याचे तुकडे कापून बाजूले रचले, तवा कुठं पाय ठेवाले जागा झाली.

धुरपता: मागच्या खेपेले कुऱ्हाड होती.

केशवराव: इळा बोथट झाला, मंग कुऱ्हाड घेतली. मधात बोलू नोको. स्वतःचा हात दिसे ना. एकदा मी नाक खाजवलं त आनंदराव म्हने, माहं काहून खाजवून राह्यला? मंग आमी कायदा केला. एक पाय पुढं टाकाचा. जमीन चढली त तिकडंच दुसरा पाय. जमीन उतरली त पाय मागं घ्याचा, दुसऱ्या बाजूनं पाहाचं. डोळ्याचं कामच नाई. असे चढत चढत एका जागी आलो का, इकडं पाय टाकला त उतार, तिकडं टाकला त उतार. चारी बाजू उतार! आनंदराव म्हने, केशव, आला किल्ला. यापेक्षा उंच आता आभाळच.

प्रतिक्षा: मग?

केशवराव: मंग काय? तो किल्लेदार झाला. मले तोफखाना देल्ला. भाकर खाल्ली, पाय लांबवले, झोपलो. ऊन निंघालं, धुकं उठलं… थांब, दम घेऊ दे.

धुरपता: पुरे झालं. नळी सरकली पाहा नाकातून.

केशवराव: धुकं उठलं, त आमी आपल्याच गावच्या गुलाबच्या आज्याच्या खळ्यात! धानाच्या पुंजन्यावर! कापलेल्या धानाची ती भल्ली मोठी गंजी, तिच्या टोकावर दोघं. खाली म्हातारा काठी घेऊन उभा. आन किल्ला तिकडं समोर. जागच्या जागी.

प्रतिक्षा: परत सांगा.

केशवराव: पाह्य, आवडली!

प्रतिक्षा: ते नाही. तो कायदा परत सांगा. उतार लागला की पाय मागं?

केशवराव: हो. उतराचंच नाई.

प्रतिक्षा: आणि पुंजण्यावरून किल्ल्यावर जायचं तर आधी खाली उतरावं लागलं असतं.

केशवराव: मंग! उडून थोडी जाता येते.

प्रतिक्षा: बाबा, आपला इन्व्हर्टर पुंजण्यावर बसला आहे. सगळ्या प्लेटांवर सारखं ऊन असलं की डोंगर एकच असतो. चाचपडत चढला तरी टोकावर पोचतो. पण एखादी प्लेट झाकली गेली तर डोंगराचे दोन होतात. एक खुजा, एक उंच. तो खुज्यावर चढतो, चारी बाजूला उतार लागतो, त्याला वाटतं हेच टोक. मोठ्या मशीनी अधूनमधून सगळा मुलूख धावून पाहून येतात. ही स्वस्तातली आहे, पायाखालचंच पाहते. म्हणजे वर काहीतरी आहे. दहा वाजता येतं आणि चारला जातं. मी वर जाते.

केशवराव: प्रतिक्षा, बाई, आयकून त घे…

(प्रतिक्षा शिडीवरून छतावर जाते. खाली छपरीत दोघंच.)

धुरपता: वर मोहं आहेत.

केशवराव: माहीत आहे.

धुरपता: तुमाले?

केशवराव: हळू बोल.

धुरपता: तुमाले माहीत आहे? कवापासून?

प्रतिक्षा: आई! आई, हे काय आहे? तिसऱ्या प्लेटीवर सगळी मोहफुलं!

धुरपता: एकाच प्लेटीवर टाकतो वो बाई! खाली अंगनात इश्वरच्या बकऱ्या ठेवत नाई, धूळ लागते. तिथं काच कशी तव्यासारखी तापते. खालच्या काठाले पट्टी आहे, त घरंगळत नाई. एका दिवसात खडखडीत. दोन प्लेटा तुह्या बापाले सोडल्या ना! तीनातल्या दोन यायच्या, एक माही. मी म्हटलं, दोनात यायचं भागते.

प्रतिक्षा: भागलं असतं आई. तुझं बरोबरच आहे. दोन प्लेटांनी भागलं असतं.

धुरपता: मंग?

प्रतिक्षा: तिन्ही एका माळेत आहेत. झाकलेल्या प्लेटीला वळसा घालून जायची वाट असते, त्या वाटेनं बाकी दोघींची वीज पूर्ण मिळते. पण ती वाट सापडायला मशीनला आधी खाली उतरावं लागतं. आणि ती उतरत नाही. झाकलेल्या प्लेटीतून जी चिमूटभर येते, तेवढीच तिन्हींतून घेत बसते. टोपली दे वर. चिकटलं आहे काचेला. ओला फडकाही दे.

धुरपता: म्हनजे यायचा श्वास मी वाळत घातला.

केशवराव: काई नोको बोलू.

धुरपता: काल लाईन गेली तवा मी वरच होती. इन्वटरची टीं टीं आयकू आली मले. म्हटलं, लाईन गेली का ते त रोजच करते. दोन मुठी राह्यल्या होत्या. म्हटलं, ह्या उचलतो आन उतरतो. दोन मुठी.

केशवराव: धुरपता.

धुरपता: आन तुमाले माहीत होतं!

केशवराव: आधी नाई समजलं. एके दिवशी तुहं आंग दुखे म्हनून तू मोहाले गेली नाई. त्या दिवशी पंखा दिवसभर घुमला. दुसऱ्या दिवशी तू गेली, शिडी वाजली, पंखा गप झाला. मंग समजलं.

धुरपता: आन बोलले नाई? दुनियेच्या गोष्टी सांगता, इळ्यानं धुकं कापता, आन हे तोंडातून नाई निंघालं?

केशवराव: मोह काय बारा महिने टपकते? आठ-पंधरा दिवसाची गोष्ट. म्हटलं, निभते.

प्रतिक्षा: काय निभते, बाबा? ही टोपली धर आई, उतरते मी. काय निभते? मी तिकडं रात्री फोन लावते तर तुम्ही म्हणता, इन्व्हर्टर एवढा जोरात आहे की शेजारच्या घरातही उजेड पडतो. हसवता मला. आणि इकडं तुम्ही मरायला निघालेले.

केशवराव: मराले नाई वो माय. कोनाले मराची हौस आहे? पन तू आयक. दोन वरसं झाले मले ही नळी लागली. तवापासून तुही माय ह्या नळीएवढीच दूर जाते. लग्नाले नाई जात, मयतीले नाई जात. माहेरी भाऊ बिमार होता, सकाळी गेली आन दुपारी परत. फक्त मोहाच्या दिवसात पहाटे बायासंग जंगलात जाते. येते तवा पदराले वास असते. आन कोन्या बाईनं काई म्हटलं असते, त्याचं हासू वाटेनं सांडत सांडत घरी येते. थोडंसं उरलेलं. ते मी पायतो.

प्रतिक्षा: अंगणातही वाळवता आली असती फुलं. सांगायचं फक्त.

केशवराव: सांगतलं असतं त तिनं मोहच बंद केलं असतं. वाळवनं नाई. जानं. मी ओळखतो ना तिले.

धुरपता: हो. बंद केलं असतं. आतापन बंद. उद्यापासून नाई जात.

केशवराव: पाह्यलं?

धुरपता: आन तुमाले वाटते मी हासाले जातो?

केशवराव: मंग?

धुरपता: तिथं ह्या हवेच्या मशीनचा आवाज नाई येत. दोन घंटे. म्हनून जातो. आता माहीत झालं? घरी दिवसरात घर्र घर्र. झोपेत पन मी मोजत रायतो, चालू आहे का नाई. मोहाखाली काईच नाई आयकू येत. आन तवा मले तुमी आठवत पन नाई. मले काहून बोलाले लावता हे पोरीसमोर?

केशवराव: बरं आहे ना मंग.

धुरपता: काय बरं आहे?

केशवराव: दोन घंटे कोनी माहा श्वास नाई मोजत. मलेही सुटी.

प्रतिक्षा: पंखा ऐका.

केशवराव: हं. निंघाला कामावर.

प्रतिक्षा: रेघ पाहा, कशी सरळ वर गेली. मशीनमध्ये काहीच दोष नव्हता. मी रात्रभर विचार करून राहिले होते, वायर चुकली असेल माझी, जोडणी सैल असेल. बापाचा जीव माझ्या हातानं… जाऊ द्या. आई, उद्या तू मोहाला जाशील.

धुरपता: नाई.

प्रतिक्षा: जाशील. मी थांबते आहे. फुलं संपेपर्यंत. तू नसताना मी बाबांजवळ बसते. फुलं अंगणात वाळव, बकऱ्या मी हाकलते. आणि सिलिंडर आणून ठेवू एक, लाईनही नाही आणि ऊनही नाही अशा वेळेला. गाडीवाल्याला सांगते, आज नको.

केशवराव: कायमचं नोको म्हन.

प्रतिक्षा: आज नको, एवढंच म्हणते. संध्याकाळी बॅटरी किती भरते ते मी माझ्या डोळ्यांनी पाहीन. नाही भरली तर नागपूर. चवथा मजला. कबुतरं मी आणीन. आणि आजपासून मला फोनवर गोष्ट नको. खरं काय ते पाहिजे.

केशवराव: खरं लय लहान असते वो बाई. फोन लावला का सरते.

धुरपता: थांबा. काय झालं?

प्रतिक्षा: काही नाही. लाईन गेली.

धुरपता: आता? भर दुपारची?

प्रतिक्षा: घाबरू नको. टीं टीं झाली, इन्व्हर्टरनं घेतलं. बॅटरी कमी आहे, पण ऊन आहे. तिन्ही प्लेटा मोकळ्या आहेत. आता ऑक्सिजनची मशीन थेट उन्हावर चालते आहे. बाबा, नळी नीट करा.

धुरपता: चालू आहे ना?

प्रतिक्षा: चालू आहे.

धुरपता: आवाज कमी झाला का?

प्रतिक्षा: नाही आई. तोच आहे.

धुरपता: मले कमी वाटते.

प्रतिक्षा: तोच आहे. बस इथं.

केशवराव: बोला ना कोनी. असे गप नोका बसू. काल मी हाक मारून राह्यलो होतो आन आवाजच नाई निंघे. तवापासून गप झालं का मले भेव वाटते.

धुरपता: काय बोलू?

केशवराव: काई बी. आज मोहाखाली काय पाह्यलं ते सांग.

धुरपता: मोहाखाली काय रायते? मोहं रायते.

केशवराव: तेच सांग.